गाडीत सापडलेला ऊस

राजाराम हवालदार एकवीस वर्षं फौजेत होते आणि साताऱ्याला परतल्यापासून आपल्याला कळत नाही असं जगात काही नाही, अशा थाटात वावरायचे. पण आष्ट्याजवळ उसाच्या ट्रॉलीनं त्यांच्या मुलाची, कपिलची मोटार चेपली आणि तो थाट गळाला. कपिलचा पाय तीन ठिकाणी मोडला. ट्रॅक्टरला नंबरप्लेट नव्हती आणि ट्रॅक्टरवाला न थांबताच पळाला. वकील म्हणाला, "त्याची विमा कंपनी कुठली ते आणा. त्याशिवाय भरपाईचं काही हलायचं नाही."

आठ दिवस हवालदारांनी चौकीच्या पायऱ्या झिजवल्या. हाती आलं धुपाटणं.

शेवटी सून नीलिमा म्हणाली, "आबा, एकदा मोटार बघून येऊ."

चेपलेल्या मोटारीत काचांच्या चुऱ्यात उसाची टिपरी पडली होती. नीलिमानं एक उचललं, कांडं निरखलं, कांड्यावरच्या डोळ्यावरनं अंगठा फिरवला.

"ह्यो पासष्ट जातीचा ऊस हाय. हितं समदी शहाऐंशी लावत्यात. पासष्ट एकट्या मनुबाईंचा."

"तुला गं काय ठावं?"

"आईसंगं त्यांच्या रानात मोळ्या बांधल्यात मी."

आता बोला! वाळकं टिपरू बघून रान सांगणारं माणूस हवालदारांनी फौजेतही पाहिलं नव्हतं. छाती उगाच भरून आली त्यांची.

मनुबाईंच्या दारात नीलिमानं टिपरू पुढं ठेवलं. "आत्ती, त्या दिवशी तुमचा ऊस कुणी न्हेला?"

मनुबाईंचा चेहरा उतरला. ट्रॅक्टर त्यांच्या भाच्याचा, धनाजीचा. हवालदारांनी आवाज चढवायला तोंड उघडलं, तर सुनेनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. ते गुमान बसले.

"आत्ती, खोटं सांगत न्हाई, केस व्हईल त्याच्यावर. पन विमा असंल तर भरपाई कंपनी देईल. माज्या नवऱ्याला पायावर उभं ऱ्हायचंय."

मनुबाईंनी ते टिपरू उचलून हातात घेतलं. मग आत गेल्या आणि कारखान्याच्या काट्यावरची वजनाची पावती घेऊन आल्या. तिच्यावर ट्रॅक्टरचा नंबर छापलेला होता.

"माजाच ऊस तुज्या नवऱ्याच्या अंगावर सांडला," त्या म्हणाल्या. "घे."

नीलिमानं मोबाईलवर परिवहनच्या ॲपमध्ये तो नंबर टाकला. कंपनीचं नाव आलं. विमा येत्या पाडव्यापर्यंत चालू होता. तेवढं वाचलं आणि इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी वकिलानं हवालदारांपुढं खुर्ची सरकवली. "वा हवालदार, काढलंत शोधून!"

हवालदारांनी ती खुर्ची उचलून सुनेपुढं ठेवली आणि आपण भिंतीशी उभे राहिले.

"काय इचारायचं ते हिला इचारा," ते म्हणाले. "मी नुसता संगं आलोय."