अंगणातल्या पाटाखालची माती

मी पिवळी माती बोलतेय. वख्श नदीच्या खोऱ्यातल्या टेकड्यांवर मी असते. मला नदीनं नाही, वाऱ्यानं आणलं. तो धूळ टाकत गेला आणि मी थरावर थर वाढत गेले. वरून दिसत नाही, पण आतून मी पोकळ आहे. गवताची मुळं वाळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात. तरी कोरडी असते तोवर मला कुदळीनं उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते. म्हणून माणसांना मी फार भक्कम वाटते.

माझ्यावर नुसत्या मेंढ्या चरायच्या. मग एका वसंतात डोंगरातून नुरुल्लो आला. सोबत म्हातारी आई, तिला सगळे बीबी म्हणत, आणि पोटुशी बायको शरिफमो. वरचं त्यांचं गाव दरडीखाली गेलं होतं. बीबीचा नवराही त्यातच गेला. नुरुल्लोनं माझ्यावर टाच आपटली नि म्हणाला, "दगडासारखी आहे." एवढ्यावरच त्यानं मला पसंत केलं.

घर बांधायला सगळी वस्ती हशरला, म्हणजे बिनपैशाचा हातभार लावायला, आली. कोणी मला तुडवलं, कोणी थर चोपले, बायकांनी कढईत पुलाव शिजवला. मला फार बरं वाटलं. इतक्या मायेनं मला आधी कोणी थोपटलं नव्हतं.

बाळ झालं, दिलोवर. बीबीनं त्याच्या नावानं खिडकीसमोर जर्दाळू लावलं आणि हट्ट धरला की पाण्याचा पाट अंगणातूनच न्यायचा. त्यांच्या डोंगरात तसंच असतं. तिथं खाली सगळे दगडगोटे, पाणी दारातून येतं नि निघून जातं. माझ्यातून ते जात नाही हो, मुरतं.

शेजारची तुर्सुनोय इथलीच. ती कुंपणावरून म्हणाली, "आपा, इथं पाणी घरापासून लांब ठेवतात. आमचे म्हातारे तर अंगणात बादली सांडली तरी ओरडायचे."

"म्हणून तुमची जर्दाळू अशी सुरकुतलेली," बीबी म्हणाली. "नातवाचं झाड काय फुंकर घालून जगवू?"

तुर्सुनोय हसली आणि घरात गेली. पाणी आलं. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या जोरावर मी उभी होते तो जोर आतल्या आत विरघळायला लागला.

खिडकीखाली केसाएवढी भेग पडली. ती आधी शरिफमोला दिसली. लेकराला पाजताना तिचा एक हात भिंतीवर असायचा.

"बीबी, भेग वाढलीय."

"नवं घर आहे, आळस देतंय."

नुरुल्लोनं भुशाचा गिलावा लावला. भेग पुन्हा उघडली. शरिफमोनं पाळणा उचलला आणि लांब, तुतीखाली नेऊन ठेवला.

"तुझ्या माहेरी लोक घरात राहतात की झाडावर?" बीबीनं टोमणा मारला.

"थोडे दिवस पाट बंद ठेवू या का?"

बीबीचा चेहरा उतरला. "माझं गाव गेलं. माझा माणूस गेला. पाण्याचा तेवढा आवाज उरलाय कानाला. तोही बंद कर."

शेवटी नुरुल्लोनंच एक दिवस पाटाच्या तोंडाशी गवतासकट मातीचं ढेकूळ घट्ट बसवलं आणि तो कापसाच्या शेतात गेला.

उन्हानं जर्दाळूची पानं माना टाकू लागली. बीबीनं इकडेतिकडे पाहिलं आणि ढेकूळ काढलं.

दुपारी खिडकीखालची जमीन बसली. मी थांबू पाहत होते, पण आत धरायला काही उरलंच नव्हतं. मग भिंत आली, मग आढं. माणसं तेवढी बाहेर होती म्हणून वाचली. घर गेलं.

नुरुल्लो धावत आला. पाटाकडे बघून म्हणाला, "हे कोणी काढलं?"

बीबीचे हात कोपरापर्यंत माझ्या चिखलानं भरलेले. शरिफमोनं ते हात आपल्या मांडीवर ओढले, ओढणीखाली घेतले आणि पुसत पुसत म्हणाली, "मी काढलं. लंगोट धुवायचे होते."

"तुलाच एवढी भीती होती ना? आणि तूच?"

तिनं मान खाली घातली. बीबीनं हात ओढणीखालून काढले नाहीत.

ती माणसं शहरात शरिफमोच्या भावाकडे एका खोलीत राहायला गेली. दुसऱ्याच हिवाळ्यात बीबी वारली. नुरुल्लोनं तिला आणून वरच्या कोरड्या टेकडीवर, माझ्यातच ठेवलं. तुर्सुनोय सांगत होती, आईचं नाव निघालं की तो अजून त्या ढेकळावरून बायकोला बोलतो. शरिफमोनं त्याला खरं सांगितलेलं नाही.

मी आता नुसता खड्डा आहे. कधी कोंबड्या येऊन उकरतात. हे सगळं तुमच्यापाशी बोलले, कारण तुम्हीही कुठे जागा बघत असाल. बघा, पण सह्या करायच्या आधी तिथं कमरेइतकं खणा, पाण्यानं भरा आणि थांबा. मी खचले तर घर पाण्यापासून दूर बांधा, झाड उताराला लावा, किंवा मला सोडून द्या. मला राग येणार नाही. पण मला न विचारता माझ्यावर पाळणा मांडू नका. एखाद्या सुनेला पुन्हा असं खोटं बोलायला लागू नये.