शेडमधले बूट

डेक्लनने आपले बूट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, गवत कापायच्या मोडक्या यंत्रामागे सरकवून ठेवले. मग घरात येऊन दारामागचं जाकीट उतरवलं, न्हाणीघरातलं दाढीचं सामान उचललं आणि सगळं वरच्या खोलीत नेऊन कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबलं. आता कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात पॉलीन एकटीच राहते. कुणी पाहायला येणार नव्हतं म्हणा. पण भीतीला ते कोण समजावणार?

खाली स्वयंपाकघरात पॉलीनमावशीने सरकारी कचेरीत फोन लावला होता. तो ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला, आणि पलीकडून मघापासून तीच ती रटाळ धून वाजत होती. दार लोटलेलं होतं. डेक्लन नुसत्या मोज्यांनिशी जिन्याच्या मध्यावर येऊन बसला.

गुरुवारी त्याला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. इंग्लंडातल्या या ग्रिम्सबी गावात बाकीच्यांच्या पोरांना एकविशीला चंदेरी पुठ्ठ्याची मोठी किल्ली देतात. घराचं दार आता तुझंही, असं म्हणून. डेक्लनच्या एकविशीला सरकारकडून विचारणा आली होती, घरात कोण कोण राहतं ते फोन करून कळवा म्हणून. एकवीस झाली की पोरगा भाड्यातला आपला वाटा उचलतो असं धरायचं, आणि तेवढी रक्कम मावशीला भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीतून कापायची, असा नियम. तो वाटा डेक्लन कुठून उचलणार होता? माशांच्या कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा सगळ्यात आधी हाच गेला. बेकारभत्ता मिळायचा, पण पंचविशीच्या आतल्यांना तो कमीच. जणू त्या वयात पोट अर्धंच असतं. सुरुवातीला भत्त्याचा पहिला हप्ता येईपर्यंत खायचं काय म्हणून जी उचल घेतली, तीही त्यातूनच दर महिन्याला कापून घेत होते. मावशी शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायची, तेही कंबर साथ देईल तेवढेच दिवस.

शेजारच्या ब्रेंडाने कुंपणावरून उपाय सांगितला होता.

"अगं, गेला म्हणून सांगून टाक! माझा पोरगा ली कागदावर केव्हाचा बापाकडे राहतोय. आणि सकाळी माझी अंडी कोण संपवतं, भूत?"

मावशी हसली नव्हती. रात्री जेवताना मग डेक्लननेच विषय काढला.

"मावशी, ब्रेंडाकाकू म्हणते तसं सांग ना. मी मागच्या दाराने येत जाईन."

"आणि तुझा भत्ता? पत्ताच नसला तर तो कुठल्या दाराने येणार?"

"बघू काहीतरी."

"बीन्स थंड होतायत. खा."

एवढंच. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आणि आज सकाळी तिने फोन लावताना स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

त्या लोटलेल्या दारानेच त्याचा धीर सुटला होता. लहानपणी आईला झेपेना म्हणून तो सरकारी सांभाळात गेला, आणि एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरात फिरला. प्रत्येक घरी शेवट सारखाच व्हायचा. स्वयंपाकघराचं दार लोटलं जायचं, आत कुणीतरी मोठं माणूस फोनवर हळू आवाजात म्हणायचं, "पोरगा तसा चांगला आहे हो, पण..." आणि दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे काळ्या पिशवीत. सोळाव्या वर्षी आईच्या या थोरल्या बहिणीने त्याला घरी आणलं. तिचा नवरा होता तोवर त्याच्या नकारामुळे तिला ते जमलं नव्हतं.

आज पिशवी आपण स्वतःच भरली, एवढाच काय तो फरक, असं त्याच्या मनात आलं.  

धून तुटली. एका तरुण मुलीचा आवाज आला. नाव, जन्मतारीख, पत्ता. मावशी शाळेतल्या पोरीसारखी नीट, सावकाश उत्तरं देत होती.

"बरं, पॉलीन मॅडम. घरात तुमच्याशिवाय आणखी कुणी राहतं?"

डेक्लन एक पायरी खाली सरकला.

"भाचा आहे माझा," मावशी म्हणाली. "डेक्लन."

"त्याला गुरुवारी एकवीस होतायत. मग त्याचा वाटा तुमच्या मदतीतून वजा होईल, महिन्याला नव्वद पौंडांच्या वर. तो तुम्हाला खरंच पैसे देतो का, ते आम्ही धरत नाही."

"हो. कळलंय मला."

 मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तो तिथे कायमचा राहतो, की आपला येऊन-जाऊन असतो? येऊन-जाऊन असेल तर तसं सांगा. मी तसं लिहिते."

चांगली होती बिचारी. डेक्लनने डोळे मिटले. म्हण, मावशी, म्हणून टाक, असं तो मनात घोकत होता, आणि हाताने मात्र कठडा घट्ट धरून ठेवला होता.

"कायमचा."

"नक्की?"

"अगं बाई, त्याचे बूट माझ्या दारात पडलेले असतात. येता-जाता अडखळते मी त्यांना. दुसरीकडे कुठे राहणार तो? लिही, इथेच राहतो."

फोन बंद झाला. डेक्लनने उतरून दार ढकललं. मावशी ओटा धरून उभी होती. 

"नव्वद पौंड, डेक्लन," ती म्हणाली. "कुठून आणायचे रे? भीती वाटतेय मला."

"मग सांगितलंस कशाला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पायांतल्या मोज्यांकडे.

"बूट कुठेत तुझे?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये! जा, घेऊन ये. आत्ताच त्या पोरीला सांगितलंय मी, दारात असतात म्हणून. मला खोटं पाडू नकोस."

तो तसाच ओल्या अंगणातून गेला. त्याने बूट आणले, वर्तमानपत्र सोडलं आणि ते दारात नेहमीच्या जागी ठेवले. बाजूला नीट नाहीत, अगदी वाटेत. मावशी कचरा टाकायला बाहेर निघाली. सवयीने तिने पाय उचलला, तरी अडखळलीच.

"बघ, खोटं नाही बोलले मी," ती म्हणाली, आणि भिंतीला हात टेकून तिथेच उभी राहिली.