दीड इंचाचा झोल

ठेकेदाराचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात त्याला ‘होऊन जाईल’ म्हणायला सुरुवात केली होती. विटा कधी येणार असं विचारलं, की तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणे, “होऊन जाईल.” पाण्याची टाकी गळतेय म्हटलं, तरी तेच. “नावं तर ठेवायचीच आहेत,” सासूबाई म्हणाल्या, “मग एकच ठेवू. लक्षात तरी राहील.”

काम तसं मोठं नव्हतं. घरावर एक खोली आणि तिथवर जाणारा जिना, एवढंच. गेली अठरा वर्षं त्यांची सून घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करत होती. अख्खी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. घरी कुणी आलं की आधी कापडाचे गठ्ठे हलवायचे आणि मग माणसाला बसायला सांगायचं, असा प्रकार. वर खोली झाली की मशीन, कपाट, कापायचं टेबल सगळं वर जाणार होतं आणि पुढची खोली पुन्हा माणसांची होणार होती. तीन महिन्यांत होणार होती. आता आठवा महिना चालू होता.

मधल्या काळात काय नाही झालं? दोन महिने वाळूचा ढीग दारातच पडून होता. घरातून बाहेर पडायचं म्हणजे चपला हातात घ्यायच्या. सिमेंटची धूळ शिवलेल्या कपड्यांवर बसू नये म्हणून टेलरबाईंनी मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं होतं, आणि नवरा सकाळी चहासाठी आत जाताना रोज तिच्या खुर्चीवरून लंगडी घातल्यासारखा पाय टाकायचा. त्यात खिडकी भलत्याच भिंतीला बसली. मशीनवर डावीकडून उजेड यावा म्हणून तिने नकाशावर स्वतः खूण केली होती. गवंड्याने विटा रचल्या उजवीकडे. विचारायला गेली, तर ठेकेदार म्हणाला, “वहिनी, उजेड काय, कुठूनही आला तरी उजेडच.”

त्या दिवशी तिला ती भिंत तिथल्या तिथे पाडायला लावायची होती. पण नवरा टपाल कचेरीतला, आयुष्यभर दुसऱ्यांचे वाद टेबलापलीकडून शांतपणे ऐकत आलेला. तो म्हणाला, “जाऊ दे गं. मशीन फिरवून ठेवू. आता भिंत पाडायला लावली, तर हा माणूस परत तोंड दाखवायचा नाही.” तिने गिळून टाकलं.

मग जिना झाला. फरशी बसायची होती, पण चढण्या-उतरण्यासारखा झाला होता. आठ पायऱ्या, मग वळणावरचा चौथरा, मग पुन्हा आठ. पहिल्या दिवशी चौथऱ्यावर पाय टाकताना ती स्वतःच अडखळली. नवी सवय, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी नवरा तिथेच ठेचकाळला. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन वर चढणारी शेजारीण नेमकी त्याच जागी पुढे झुकली आणि दोन बाटल्या गडगडत खाली आल्या.

सासूबाईंना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने जेमतेम. पण बोटं अशी शहाणी, की डब्यातली चार भोकांची आणि दोन भोकांची बटणं न पाहता वेगळी करून देत. वर जाऊन सुनेशेजारी बसायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या कठड्याची कच्ची भिंत धरून, मोजत मोजत चढल्या. आठपर्यंत बरोबर गेल्या. नवव्या पावलाला थांबल्या. पाय वर उचलला, चौथऱ्यावर टेकलाच नाही, पायाची बोटं त्याच्या कडेवर आपटली.

“ही पायरी आपल्यातली नाही गं,” त्या म्हणाल्या. “परक्या घरातून आलीय.”

टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढली आणि तिथेच उकिडवं बसून मापं घेतली. सात, सात, सात. आठही पायऱ्या सात इंचांच्या. चौथऱ्याची मात्र साडेआठ.

ठेकेदाराला बोलावलं. तो चार दिवसांनी आला, जिना वर-खाली करून दाखवला आणि हसला. “दीड इंच, वहिनी! फरशी बसली की कळणारसुद्धा नाही. पायाला सवय होते.”

“फरशी सगळ्याच पायऱ्यांवर सारखी बसणार ना?” ती म्हणाली. “मग दीड इंच जाणार कुठे?”

यावर तो मोबाइल बघायला लागला.

“माझ्या सासूबाईंचा पाय मोडल्यावर सवय होणार का?”

“तुम्ही फारच मनाला लावून घेता. होऊन जाईल.”

या वेळी नवऱ्याने “जाऊ दे” म्हटलं नाही. त्याने आईची आपटलेली बोटं पाहिली होती. तो हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणाला, “जिना नीट झाल्याशिवाय पुढचं काम नको.” ठेकेदाराने खांदे उडवले, गाडीला किक मारली आणि पुढचे तीन आठवडे त्याचा फोन बंद. वाळू तिथेच, विटा तिथेच, आणि घरात त्या जिन्याकडे कुणी बघेना.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर गवंडी उभा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आठ महिन्यांत त्याच्या तोंडून तिने ‘पाणी द्या’ आणि ‘बाजूला व्हा’ यापलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं.

“माझी थापी राहिलीय वर,” तो म्हणाला. थापी घेऊन खाली येताना चौथऱ्यापाशी थांबला. तिने चहा पुढे केला, तर कप हातात घेऊन तो पायरीवरच बसला.

“मला माहीत होतं, ताई,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“चौथरा वर गेलाय ते. माप फोनवर सांगितलं साहेबांनी. गाडीत होते, आवाज तुटत होता. मी एक ऐकलं, त्यांनी दुसरं सांगितलं असेल. काँक्रीट पडल्यावर ध्यानात आलं. खालून पायऱ्या आखायला लागलो, तर दीड इंच उरत होतं. मग ते शेवटी टाकलं.”

“मला का नाही सांगितलं?”

“मागे एका ठिकाणी असंच सांगितलं होतं मालकाला. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं.” त्याने कप पायरीवर ठेवला. “आणि खरं सांगू? वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही.”

तिला खूप बोलायचं होतं. आठ महिन्यांचं साचलेलं. पण त्याचं शेवटचं वाक्य तिला कुठेतरी आत जाऊन लागलं, कारण तेच तिने स्वतः एकदा मनाशी म्हटलं होतं. एका शाळेतल्या बाईंचा कोट होता. डावा खांदा अर्धा इंच ओढला जातोय, हे बटण लावतानाच तिला कळलं होतं. तेव्हा हंगामाची गर्दी होती, उसवायला वेळ नव्हता. तिने कोट झटकून हँगरला लावला आणि त्या बाई घालून बघताना खांदा हलवायला लागल्या तेव्हा म्हणाली, “दोनदा घातला की सैल होईल.” त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. गिऱ्हाईक नखरेल होतं, असं तिने घरी सांगितलं होतं. स्वतःलाही.

ती गवंड्याच्या वरच्या पायरीवर बसली. राग गेला होता असं नाही, पण तो कुणावर काढावा हे ठरवणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नव्हतं.

“चौथरा फोडायचा का मग?” तिने विचारलं.

“फोडला तर वरच्या आठ पायऱ्याही हलतात. दोन महिने धरा.”

तिने वरून खाली पायऱ्या नजरेने मोजल्या. मग एकदम उठली, आत गेली आणि अर्धवट शिवलेला शर्ट घेऊन आली. “हे बघा. बाही नेहमी खांद्याच्या घेरापेक्षा थोडी मोठी कापतात. जास्तीचं कापड सगळं एका जागी घेतलं तर तिथे झोल येतो, आंधळ्यालाही दिसेल असा. म्हणून ते सगळ्या शिलाईभर वाटून घ्यायचं. सूतसूतभर. मग कुणाला कळत नाही.”

गवंड्याने बाहीवरून अंगठा फिरवला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप त्याचंही होतं आणि तिचंही.

“दीड इंच म्हणजे बारा सूत,” तो पुटपुटला. “चढायचे टप्पे नऊ.” त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि भिंतीवर रेघा मारायला सुरुवात केली. पहिली पायरी एक सूत आणि थोडी वर. दुसरी तिच्या दुप्पट. अशी करत करत आठवी सव्वा इंचाहून जराशी जास्त वर. चौथरा आहे तिथेच. “फरशीखालचा सिमेंट-वाळूचा मसाला कमीजास्त करायचा, बस.” तो मागे सरून रेघांकडे बघत राहिला. “हे मला सुचायला हवं होतं.”

“मला तरी महिन्याने सुचलं,” ती म्हणाली.

“पण साहेबांना काय सांगू?”

“माझं नाव सांगा. बाईने मानगुटीवर बसून करून घेतलं म्हणा.”

त्याने सहा दिवसांत जिना केला. प्रत्येक पायरी झाली की तो तिला हाक मारायचा आणि ती टेप घेऊन यायची. एकदा तिचं माप चुकलं, एकदा त्याचं. सातव्या पायरीवरून तर दोघांची चांगलीच जुंपली आणि सासूबाईंनी खालून ओरडून दोघांनाही गप्प केलं.

ठेकेदार उगवला तो जिना वाळल्यावर. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. कुठेच अडखळला नाही. “बघा,” तो नवऱ्याला म्हणाला, “उगाच डोकं खात होता.” नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. गवंडी मसाला कालवत होता. खिडकी मात्र उजवीकडेच राहिली. मशीन फिरवून ठेवलं, पण आता तिची पाठ दाराकडे असते आणि कुणी आलं की ती दचकते.

वर बस्तान बसून महिनाही झाला नव्हता. एक तरुण बाई बहिणीसाठी शिवायला टाकलेला फ्रॉक न्यायला आली. इस्त्री करताना टेलरबाईंच्या लक्षात आलं होतं, की कॉलरची एक बाजू दुसरीपेक्षा दोन सूत बुटकी आहे. घडी नीट घातली असती, तर दिसलं नसतं.

“चुकलंय माझ्याकडून,” तिने घडी उलगडून दाखवली. “दोन दिवस द्या, उसवून करते.”

ती बाई वैतागली. “आज हवा होता हो. आधी नाही का बघायचं?”

“बघायला हवं होतं.”

ती तणतणत जिना उतरून गेली. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. टेलरबाईंनी खिडकीकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची सरकवली, चष्मा लावला आणि कॉलरचा पहिला टाका कापला.