उंटिणीने चाटलेला नळ

मी एक जुना टँकर आहे, मित्रांनो. आमचे गाव बाल्काश सरोवराच्या काठी, वाळवंटात. इथे वाळू फुकट मिळते, सावली मात्र कमवावी लागते. ती सावली कमावण्यात माझे सारे तारुण्य गेले.

काठचा बगीचा, टेकाडांखालचे रान, बोरूच्या बेटातली पाणकोळी पक्षी पाहायची जागा, सगळीकडे मी पाणी पोचवले. सुट्टीत लांबलांबची माणसे यायची. बायका मला ‘आमचा ढग’ म्हणायच्या तेव्हा मी नुसता फुलून जाई. पुढे नळ आले आणि मला बगीच्यामागे उभे करून सगळे विसरले. माझ्या पाठीवर कोंबड्या झोपू लागल्या. फार वाईट वाटे हो!

गेल्या उन्हाळ्यात पंप बंद पडला आणि जर्दाळूची कोवळी झाडे माना टाकू लागली. नवरा गेल्यावर बगीचा राखणाऱ्या कुल्याश आपाने ती पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. झाडे वाळली, तर त्या जागी हॉटेलचा वाहनतळ होणार, असे ठरूनच गेले होते. आपाने कोंबड्यांना हुसकावले, माझ्या चाकांत हवा भरवली आणि जावयाला, येरसायनला, गाडीवर बसवले.

येरसायन सरोवराच्या पश्चिम टोकाचा. त्याने जवळच्या धक्क्यावरून मला भरले. पाणी पोटात पडताच मला कळले, घात झाला! पण टँकरला बोलता कुठे येते? येरसायन शीळ घालत बगीच्यात आला आणि पाइप सोडायला वाकला.

माझा नळ पहिल्यापासून गळका. इतकी वर्षे माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारी आपाची उंटीण तरातरा आली आणि तो नळ चाटू लागली.

“अगंबाई! हिला काय सापडलं?” आपा म्हणाली.

“तहान लागली असेल, आपा.”

“तहान कसली? आत्ता हौद रिकामा करून आलीये. मीठ चाटतेय ती, मीठ! थांबा! पाणी कुठून आणलंत, जावईबापू?”

“जुन्या धक्क्यावरून. आमच्याकडे कुठूनही भरा, गोडच असतं.”

“तुमच्याकडे असेल! इथे सरोवर अर्धं गोड नि अर्धं खारं. सासूसारखं!”

येरसायन कानापर्यंत लाल झाला. ते पाणी त्याने दूर वाळूत ओतले, मला विसळले आणि सरोवराच्या चिंचोळ्या भागापलीकडे गोड्या पाण्यावर नेले. मग उन्हाळाभर आम्ही दोघे थांबलो नाही. झाडांनी माना उचलल्या आणि वाहनतळाचा बेत बारगळला. या वर्षी नौरोझचा, वसंताचा सण सरल्यावर बगीचा फुलांनी पांढरा झाला, तेव्हा बायकांनी माझ्यावर मूठमूठ मिठाई उधळली. मित्रांनो, इथे असा मान नव्या नवरीला मिळतो!

म्हणून सांगतो, जुने झाले म्हणून कुणाला कोंबड्यांच्या हवाली करू नका. आणि मुक्या जनावराकडे जरा लक्ष ठेवा.

काल पहिला जर्दाळू पिकला. आपाने तो जावयाच्या हातावर ठेवला.

“खा, आणि सांगा. गोड की खारं?”

“गोड, आपा! गोड!”

आणि येरसायनने माझा भोंगा असा वाजवला, की बोरूतले सगळे पाणकोळी एकदम उडाले.