सांडव्याच्या अलीकडे

सोमाजीने जाळ्याची गाठ दातांत आवळली आणि मान वर केली, तेव्हा तलावाच्या मध्यावर डोंगा नव्हता.

आत्ताच तर होता. पल्याडच्या बांध्यांमधला भाताचा रोवणा आटोपून सहा बाया घरी परतत होत्या, आणि शेपटाकडे वल्हं धरून त्याची बायको प्रेमिला बसली होती. मग पश्चिमेकडून वाऱ्याचा झपाटा आला, पाणी एकदम काळं पडलं, आणि आता तिथे पालथ्या डोंग्याची पाठ तेवढी दिसत होती. आजूबाजूला काही डोकी. किती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

सोमाजी जाळं तिथेच टाकून तलावाच्या पाळीवरून धावत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला गुडघ्यांची आठवण राहिली नाही. गावातला दुसरा डोंगा डांबर लावायला पालथा घातलेला होता आणि त्याच्या तळाला मूठ जाईल एवढं भोक होतं, हे त्याला ठाऊक होतं, कारण कुजकं लाकूड काढताना ते भोक त्यानेच कोरून मोठं केलं होतं. तरी तो तिकडेच धावला. भोक पाहिलं, अंगातला सदरा काढला आणि दगडांवरून पाण्यात उतरू लागला.

पत्रूने मागून त्याचा दंड धरला. पत्रू त्याचा शेजारी, जन्मभराचा जोडीदार.

“कुठी चालला?”

“सोड मले.”

“सांडव्याची ओढ हाय, सोमाजी. तू पोचणार नाईस. मंग तुले काढाले कोण जाईन?”

ते खरं होतं. आठवडाभराच्या झडीने तलाव तुडुंब भरला होता आणि दक्षिणेच्या टोकाला सांडवा कमरेएवढा वाहत होता. त्याच्यापुढे सरळ खाली खडक. मागच्या साली एक म्हैस त्यावरून गेली; खालच्या नाल्यात सापडली तेव्हा धन्यालाही ती ओळखायला वेळ लागला होता. पालथा डोंगा आता हळूहळू त्याच बाजूला सरकत होता.

पाळीवर गाव गोळा झालं. कोणी दोर आणायला पळालं, कोणी नुसतंच पळालं. ऐंशीला टेकलेली रुखमाबाई मात्र काठीवर हनुवटी ठेवून पाण्याकडे बघत उभी होती.

“त्या ओरडून नाई राह्यल्या,” ती म्हणाली.

सोमाजीने तिच्याकडे पाहिलं. “म्हंजे?”

“म्हंजे दम वाचवून राह्यल्या. हेमराजनं सांगतलं तसं.”

“हेमराजनं? कवा?”

“मे महिन्यात. तू सोसायटीच्या बैठकीले गेलता तवा. तुह्या बायकोनं साऱ्या बायाईले नेलतं इथी, धुणं धुवाच्या नावानं.”

हेमराज म्हणजे सोमाजीचा थोरला. गोव्याच्या समुद्रावर कामाला होता. तिथे पायाखाली फळी बांधून, खाटेच्या चादरीपेक्षा मोठा कापडी पतंग कमरेला अडकवून माणसं पाण्यावरून पळतात, आणि हा त्यांच्या दोऱ्या सोडवतो, असं तो सांगायचा. मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा तसला एक ठिगळं लावलेला पतंग घेऊनच आला. सारं गाव बघायला लोटलं. पोरगं खरोखरच दोन पुरुष उंच उडालं, आणि मग वारा पडला तसं मधोमध पाण्यात आपटलं. लोक हसले. तो ओरडला नाही, पोहलाही नाही. त्याने सावकाश दोऱ्या गुंडाळल्या, पतंगाच्या अंगावर रेलला, एक टोक हातात आवळून धरलं, आणि जी काय झुळूक होती तिच्यावर बसून काठाला आला. नंतर म्हणाला, उडणं कोणीही शिकतं, पण परत येणं आधी शिकायचं. हातात असलेली वस्तू सोडायची नाही, काठाकडे पोहत सुटायचं नाही, वाऱ्याशी भांडायचं नाही.

सोमाजीने चारचौघांत त्याची टर उडवली होती. “उडाचं शिकाले गेला, अन् पडाचं शिकून आला.” ढिवराच्या पोराने पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांना पाणी शिकवावं, हे त्याला झोंबलं होतं. लग्न उरकून हेमराज गेला. बापलेकांत तेव्हापासून दोन शब्द झाले नव्हते.

“ते पाहा,” पत्रू म्हणाला.

डोंग्याच्या पाठीवर काहीतरी उभं राहत होतं. एक वल्हं, एक बांबू, आणि त्यांच्या मध्ये हिरवं कापड. ते दोनदा कोसळलं. तिसऱ्यांदा वाऱ्याने त्याला पोट काढलं आणि पालथा डोंगा अंग झटकून निघाला.

पण तो सांडव्याकडेच निघाला होता. सोमाजीच्या ओठांतून आवाज न करता शब्द सुटत होते, तिरपं घे, तिरपं घे. मग कापडाचा एक कोना आवळला गेला, दुसरा ढिला पडला. मागे पाण्यात पाय आपटल्याचा पांढरा फेस दिसू लागला. डोंग्याने तोंड फिरवलं. हळूहळू, हट्टी बैलासारखं, पण फिरवलं, आणि ओढीला आडवा होऊन तो पाळीच्या रोखाने येऊ लागला.

चाळीस वर्षं सोमाजी या तलावावर होता. वारा म्हणजे डोंगा बांधून घरी बसायचं, एवढंच त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं आणि त्याने पोराला. आणि इथे तोच वारा बायांनी कापडात धरून जुंपला होता. एवढं देखणं त्याने या पाण्यावर कधी काही पाहिलं नव्हतं. क्षणभर तो भ्यायचंही विसरला.

मग ते कापड त्याने ओळखलं. हिरवं नऊवारी लुगडं, लाल काठाचं. सकाळी त्याच्यासमोर प्रेमिलाने ते नेसलं होतं.

पण लुगडं आलं म्हणजे ती आली असं कुठे आहे? शेपटाला बसलेला माणूस सगळ्यांत दूर फेकला जातो. लुगडं कोणाच्याही हाती लागू शकतं. कापडामागची तोंडं दिसत नव्हती आणि पाण्यातली डोकी लाटांत वरखाली होत होती. सोमाजी डोळे ताणून एकच तोंड शोधू लागला.

डोंगा सांडव्याची ओढ ओलांडून अलीकडे आला. वीस वाव राहिलं, पंधरा राहिलं. आता काठावर लागताच ते लुगडं खाली येणार, आणि मागे जी कोणी असेल ती साऱ्या गावासमोर नुसत्या चोळीवर उघडी पडणार. ती प्रेमिला असली तरी, आणि नसली तरी.

सोमाजीने पाण्याकडे पाठ केली.

“काऊन फिरला?” पत्रूने विचारलं. मग त्याने एकदा हिरव्या लुगड्याकडे बघितलं, एकदा सोमाजीकडे, आणि तोही फिरला. त्याच्या शेजारचा फिरला, त्याच्या पलीकडचा फिरला. दोर घेऊन धापा टाकत आलेल्यांना काही विचारावंच लागलं नाही. थोड्या वेळात पाळीवरचे सारे पुरुष तलावाकडे पाठ करून, अलीकडच्या बांध्यांकडे तोंड करून ओळीने उभे होते.

“चला वं,” रुखमाबाई काठावरच्या बायांना म्हणाली. कोरडी लुगडी घेऊन त्या दगडांवरून खाली उतरल्याचं ऐकू आलं.

डोंगा दगडाला घासला. कोणीतरी ओकलं. कोणीतरी हुंदका देऊन रडायला लागलं, आणि रुखमाबाई म्हणाली, हळू, हळू, पाय सांभाळ. सोमाजी एकेक आवाज वेचत होता. रडणारी ती नव्हती. ओकणारीही ती नव्हती. मान थोडी वळवली असती तर सगळं कळलं असतं. त्याने वळवली नाही.

ओली पावलं दगडांवरून वर आली आणि त्याच्या अगदी मागे थांबली. कोणाच्या तरी अंगावरचं पाणी टपटप गळत होतं.

“साऱ्याजणी आलो. अजून फिरू नोका जी,” प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

“नाई फिरत,” सोमाजी म्हणाला. “तू घे निवांत नेसून.”