वरणाच्या पळीची कैफियत

मित्रांनो, मी वरणाची पळी. पितळेची, खोल वाटीची, हातभर दांड्याची. आता माझ्यावर हिरवट डाग पडले आहेत आणि महिनोन्महिने मला कुणी हात लावत नाही. पण माझ्या वाटीतून किती पोटं भरली आणि किती उपाशी राहिली, ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. भरलेल्या पोटांचं सांगायला तुम्हाला खूप जण भेटतील. मी दुसरं सांगते.

माझा जन्म लातूरचा, तांबट आळीतला. तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, वाटीला आतून कल्हई केली आणि दुकानापुढे टांगलं. चाकूरचे भुसार दुकानदार गुरुपादप्पा पेठेत आले होते. त्यांनी मला उचललं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि घरी नेऊन बायकोच्या, रुद्राणीच्या, हाती दिलं.

रुद्राणीनं माझे लाड केले, हे मी नाकारणार नाही. रोज चिंच आणि राख लावून ती मला घासायची. मी सोन्यासारखी झळकायची. "रुद्राणीच्या घरची पळी बघा," असं शेजारणी म्हणायच्या. पण ती मला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. पळी जिच्या हाती, घर तिच्या मुठीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घर लिंगायताचं. अंडं, मांस, मासळी उंबऱ्याच्या आत येत नसे. अंगाला बळ यायचं ते डाळीतून, शेंगदाण्यातून, दुधा-ताकातून. दुकानात तुरीची आणि हरभऱ्याची पोती छताला टेकलेली. अशा घरात कुणी डाळीवाचून सुकेल, असं तुम्हाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

वरण थोडं निवलं की डाळ तळाला बसते आणि पाणी वर येतं. ढवळून वाढलं तर सगळ्यांना सारखं मिळतं. रुद्राणी कधीच ढवळत नसे. पुरुषांची पंगत बसली की ती मला थेट तळाला बुडवायची आणि घट्ट वरण काढून गुरुपादप्पांना आणि मुलाला, विरूपाक्षाला वाढायची. मग पातेल्यात तांब्याभर पाणी ओतायची. ते पिवळं पाणी बायकांचं. त्यातलंही बरं ते ती स्वतः घ्यायची आणि उरलेलं सुनेला, रत्नम्माला.

रत्नम्मा उदगीरकडची. लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची, भरल्या अंगाची, हसरी. माहेरी दुभती म्हैस होती, हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, शेंगोळे असत, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी असे. इथे तिच्या वाट्याला दोन भाकरी, मिरची आणि माझं पिवळं पाणी. दोन वर्षांत तिच्या गळ्याची हाडं वर आली. पहिला मुलगा झाला, तो मुठीएवढा. सहाव्या दिवशी गेला. घरात कुणी पातेल्याकडे पाहिलं नाही. "हिचं पाऊलच वाईट," असं रुद्राणी येईल-जाईल त्याला सांगत राहिली.

पुढे मोठ्या लढाईचे, दुसऱ्या महायुद्धाचे, दिवस आले. लेव्हीचे, म्हणजे सरकारी सक्तीच्या वसुलीचे, लोक गावोगाव फिरून धान्य उचलून नेऊ लागले. डाळीला सोन्याचा मान आला. त्याच वर्षी रत्नम्माला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचे पाय इतके सुजले, की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तेव्हा गावची सुईण धोंडाबाई हिला बोलावलं. तिनं रत्नम्माची पापणी खाली ओढून पाहिली आणि चुलीपाशी बसलेल्या रुद्राणीकडे वळली.

"रुद्राणी, हिला डाळ देतीस का न्हाई?"

"देते की. रोज वरण होतंय घरात."

"घरात होतंय, ते दिसतंय मला. हिच्या पोटात जातंय का, ते इचारते. हिच्या अंगात रगत न्हाई, नुसतं पानी हाय. भाकरीसंगं रोज घट्ट डाळ घाल. मूठभर शेंगा, जवसाची चटणी, वाटीभर ताक. भाकर अन् डाळ, बैलजोडीवानी. एका बैलानं गाडी हालत न्हाई, बाई."

"डाळ वातूळ असती. पोटातल्या लेकराला बाधती."

"कोन म्हनलं?"

"माजी सासू म्हनायची. मी काय डाळ खाऊन बाळंत झाले व्हय? मी न्हाई जगले?"

धोंडाबाई पदर झटकून उठली. ती तडक निघून गेली. त्या दिवसापासून माझं पाणी आणखीच पातळ झालं. सुईणीनं आपल्याला शिकवावं, याचा राग रुद्राणीनं सुनेच्या ताटावर काढला.

विरूपाक्ष वाईट नव्हता, भित्रा होता. तो दुकानातून फुटाणे खिशात घालून आणायचा आणि गोठ्याच्या आडोशाला रत्नम्माच्या ओच्यात टाकायचा. ती ते उभ्या उभ्या, घाईघाईनं चावायची. आठ-दहा दिवस हे चाललं. मग धुण्याच्या वेळी सदऱ्याच्या खिशात रुद्राणीला चार फुटाणे आणि थोडी सालं सापडली. तिनं ती सालं सगळ्यांसमोर गुरुपादप्पांच्या ताटाशेजारी ठेवली.

"बघा, तुमचा लेक बायकूला चोरून चारतोय!"

गुरुपादप्पांनी घास खाली ठेवला. "बायलीचा गुलाम हायस का रे? उद्या दुकान बी तिच्या ओच्यात टाकशील."

विरूपाक्ष मान खाली घालून जेवत राहिला. त्याच्या भाकरीवर मीच घट्ट वरण घालत होते. मला त्या माणसाचा इतका राग आला, की वाढताना हातातून सुटून त्याच्या पायावर पडावं असं वाटलं. फुटाणे बंद झाले.

मग वेळा अमावस्या आली. आपल्याकडची येळवस तुम्हाला माहीत आहेच. सारं गाव रानात जातं, ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपट, घालून पूजा होते आणि मग जेवणं. त्या दिवशी भज्जी करतात. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे कोवळे दाणे, शेंगदाणे आणि भाज्या एकत्र शिजवून त्याला बेसन लावतात. इतकी घट्ट, की मला त्यात उभं केलं तर मी उभीच राहते. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. वाटसरूलाही हाक मारून जेवू घालायचं, असा त्या दिवसाचा रिवाज. गुरुपादप्पांच्या रानात वीसेक माणसं जमली होती. धोंडाबाईही होती.

पुरुष जेवले, पाहुणे जेवले. रुद्राणीनं मला तळापर्यंत फिरवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह केला. त्या दिवशी तिचा उत्साह मावत नव्हता. मग बायका बसल्या. सगळ्यांना भज्जी मिळाली. रत्नम्मासमोर पत्रावळ आली तेव्हा रुद्राणीनं मला बाजूला ठेवलं आणि तिच्या द्रोणात आंबील ओतली. वरची, पाण्यासारखी.

"आत्याबाई, भज्जी वाढा की," रत्नम्मा म्हणाली.

"तुला बाधती."

"सगळ्यांना वाढली."

"सगळे काय पोटुशी हायत? खा गुमान."

रत्नम्मानं हात पुढे करून मला धरायचा प्रयत्न केला. रुद्राणीनं मला उचललं आणि तिच्या मनगटावर हाणलं. हाडाचा आवाज झाला. मित्रांनो, मी वाढण्यासाठी घडले होते. त्या दिवशी मी मारलं, आणि ज्या हातावर मारलं तो हात काडीसारखा होता.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. रत्नम्मा रडली नाही. जड पोट सावरत ती उठली आणि सासूच्या मुठीतून मला ओढून घेतलं. इतका जोर त्या सुजलेल्या बाईत कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. तिनं मला पातेल्यात घातलं, तळापासून गरगर ढवळलं आणि आपल्या पत्रावळीत एक, दोन, तीन पळ्या भज्जी घेतली. मग मला मांडीवर आडवं ठेवून ती जेवायला बसली.

"ठेव ती पळी!" गुरुपादप्पा ओरडले. "लाज सोडलीस का?"

"मी खाऊन घेते," रत्नम्मा म्हणाली, "मग काय मारायचं ते मारा."

"माज आलाय!" रुद्राणी किंचाळली. "आमी बी सुना होतो. पानी पिऊन दिवस काढले. मेलो न्हाई."

तेव्हा धोंडाबाई उठली.

"तू न्हाई मेलीस, रुद्राणी. तुजी दोन लेकरं मेली. माज्या ह्या हातात. अशीच मुठीएवढी होती. इसरलीस व्हय?"

 मला वाटलं, आता रुद्राणी रडेल, आता तिचं मन वितळेल. तसलं काही झालं नाही. तिनं धोंडाबाईकडे अशा डोळ्यांनी पाहिलं, की जवळचं लेकरू आईला बिलगलं. मग ती सुनेला म्हणाली, "आजपासून माज्या घरात तुला चूल न्हाई."

रत्नम्मानं शेवटचा दाणा खाल्ला, बोटं चाटली. "न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, आणि मला हातात घेऊन गावाकडे चालू लागली. विरूपाक्ष बराच वेळ बांधावर उभा होता. बापाकडे पाही, तिच्याकडे पाही. शेवटी तो तिच्यामागे गेला. त्याच्या आयुष्यात त्यानं स्वतःहून टाकलेलं ते पहिलंच पाऊल असावं.

गल्लीच्या टोकाला एका पडवीत त्यांनी चूल मांडली. विरूपाक्ष दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरू लागला. पैसा थोडा होता, पण हुलगे स्वस्त होते. धोंडाबाईनं सांगितलं तसं रत्नम्मा करायची. कधी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, कधी मोडाची मटकी, कधी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि ताक. वरण झालं की मला तळापासून फिरवायची आणि दोन्ही ताटं एकदम वाढायची. दीड-दोन महिन्यांत पायांची सूज ओसरली. मुलगी झाली, ती अशी रडली की शेजारचे धावत आले. धोंडाबाईनं तिला उलटीसुलटी करून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "वजनाला बरी हाय."

रुद्राणी बारशाला आली नाही. गल्लीतून जाताना ती तोंड फिरवायची, आणि रत्नम्मा दार लावून घ्यायची. दोन वर्षं अशी गेली. मग एका पावसाळ्यात रुद्राणी विहिरीच्या पायरीवर घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. गुरुपादप्पांना भाकरी थापता येत नव्हती. चार माणसांनी रुद्राणीला बाजेवर घालून आमच्या पडवीत आणलं.

दुपार होती. रत्नम्मानं वरण केलं. मी पातेल्यावर होते आणि मला भीती वाटत होती. तिनं मला वर वर बुडवलं असतं, तरी गावात कुणी तिला दोष दिला नसता. तिनं मला तळापासून ढवळलं. सासूच्या ताटात घट्ट वरण वाढलं, भाकरी कुस्करून दिली आणि एक शब्द न बोलता ताट पुढे सरकवलं.

रुद्राणीनं ताट जवळ ओढलं. एक घास खाल्ला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

रत्नम्मानं मिठाचं भांडं तिच्याजवळ आदळलं.

पुढची चार वर्षं रुद्राणी त्या बाजेवर जगली. दोघी एकमेकींशी गोड कधी बोलल्या नाहीत. एकीनं माफी मागितली नाही, दुसरीनं माफ केलं नाही. पण रोजचं वरण घट्टच होतं.

म्हणून, मित्रांनो, मी तुम्हाला एकमेकांवर माया करा असं सांगणार नाही. ती जमली तर उत्तम. नाही जमली तर खुशाल भांडा, पण कुणाच्या ताटातली डाळ पातळ करून भांडू नका. वाढण्याआधी पातेलं तळापासून ढवळा. आणि घरात जी सगळ्यांत शेवटी जेवते, तिला नुसतं "जेवलीस का?" असं विचारू नका. ती हो म्हणेल. उठा, आणि तिच्या ताटात वाकून बघा.