लवंगेच्या वासाचा बुधवार

ज्या बुधवारी दोन्या एर्मिंदा यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण केली, त्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेने त्यांना फ्रेंच अत्तराची बाटली भेट दिली. चांदीच्या कागदात गुंडाळून अपमान कसा करावा, हे ग्रिसेल्दाकडून शिकावे.

"घ्या, दोन्या एर्मिंदा. आता तो लवंगेचा वास पुरे झाला," ती म्हणाली. "तुम्ही उतरून अर्धा तास झाला तरी लिफ्टमध्ये दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काल मला विचारलं, 'तुमच्या घरी कोणाची दाढ दुखते का हो?'"

"सांगायचं होतंस, दाढ नाही, सून."

ज्या वासाबद्दल हे बोलणे चालले होते, त्याचे नाव 'क्लावेल दे ओरो'. चपटी बाटली, लाल झाकण, वर कार्नेशनच्या फुलाचे चित्र. लावताना लवंग, मग संत्र्याचा मोहोर आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळणारा पावडरीचा वास. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ती बाटली डझनभर मेदियालुनांच्या, म्हणजे अर्धचंद्राकार गोड पावांच्या, किमतीत मिळे, आणि मेदियालुना दुपारपर्यंत शिळ्या होतात, ही तशी होत नसे. दोन्या एर्मिंदा यांनी पहिली बाटली हातमोज्यांच्या कारखान्यातल्या पहिल्या पगारातून घेतली होती. नवरा त्यानंतर तीन वर्षांनी मिळाला, आणि तो या अत्तराइतका टिकला नाही.

त्यांनी फ्रेंच बाटली हातात घेऊन उजेडात धरली. वास फिका होता. पाहुण्यांच्या घरातल्या धुतलेल्या टॉवेलसारखा. परंतु महागाची वस्तू सासूला पेलवत नाही, असे सुनेला वाटू देणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते.

"आज हेच लावून जाईन," त्या म्हणाल्या.

"आजही जाणारच का? गुडघ्याचं काय? वाढदिवस आहे, रात्री रावियोली केलीय. आणि खरं सांगा, या वयात तिथे कोण नाचायला घेतं तुम्हाला?"

"रांग लागते."

"मग आठ वाजता मी न्यायला येते. बघू तरी तुमची रांग."

"बघ. आठच्या ठोक्याला मी खुर्चीवर बसलेली दिसले, तर हे नाचाचे बूट तू स्वतःच्या हातांनी माळ्यावर टाक. पुन्हा बुधवारचं नाव काढणार नाही."

बोलून गेल्या. दोन्या एर्मिंदा यांचा शब्द म्हणजे सिमेंट; ओतला की काही वेळात पाय ठेवता येई, पण परत घमेल्यात भरता येत नसे. दुपारी निघताना कानामागे जुन्याचा एक तरी थेंब लावावा म्हणून त्यांनी न्हाणीघरातल्या फळीवर हात फिरवला. बाटली जागेवर नव्हती. विचारणे कमीपणाचे वाटले. त्यांनी फ्रेंच अत्तर लावले, बुटांची कापडी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या.

बोएदो वस्तीतल्या त्यांच्या क्लबात दर बुधवारी चार ते नऊ नाच चाले. एका भिंतीला बायकांची टेबले, समोरच्या भिंतीला पुरुषांची, मध्ये अठरा पावलांची फरशी. पुरुषाने उठून विचारायला येणे हा तिथे असंस्कृतपणा समजत. त्याने बसल्या जागेवरून बघायचे, तिने बघायचे, त्याने हनुवटी अर्धे बोटभर हलवायची, तिने पापण्या लववायच्या, की झाले. मग तो फरशी ओलांडून येणार, आणि तो समोर उभा राहीपर्यंत तिने खुर्ची सोडायची नाही. नको असेल त्या पुरुषाकडे बघायचेच नाही. कोणाचा पाणउतारा नाही, कोणाला कळतही नाही. दोन्या एर्मिंदा यांच्या मते देशात नीट चालणारी एवढी एकच व्यवस्था उरली होती.

या व्यवस्थेत एकच उणीव होती. तिच्यासाठी डोळे लागतात, आणि त्या दालनातले सरासरी वय बहात्तर होते. चष्मे सगळ्यांकडे होते. ते पर्समध्ये आणि कोटाच्या खिशांत असत. चष्मा लावून नाचायला येणे म्हणजे दातांची कवळी वाटीत घेऊन जेवायला बसणे.

त्या दिवशी मात्र दारातच व्यवस्थापिका सुलेमाने त्यांना अडवले.

"दोन्या, रागावू नका. तुमच्या जागेवर छत गळतंय. टेबल काढलं आणि तिथे मोठ्या नेच्याची कुंडी ठेवली. गळतं ते पाणी तरी कामी येईल. तुम्ही आज नेलिदाजवळ बसा, खांबापलीकडे."

"बावीस वर्षं मी त्या जागेवर बसते."

"छताला कुठे माहिती आहे ते?"

नेलिदा ही त्यांची जुनी मैत्रीण. इतकी जुनी की दोघींना एकमेकींचे काहीच आवडत नसे. दोन्या एर्मिंदा बसताच तिने हवा हुंगली.

"हे काय लावलंयस? काहीच वास येत नाही."

"फ्रेंच आहे."

"म्हणूनच."

पहिली चार गाणी झाली. फेरी संपली, पुरुषांनी बायकांना जागेवर पोचवले, दुसरी फेरी सुरू झाली. दोन्या एर्मिंदा पाठ ताठ ठेवून, हातपंखा गुडघ्यावर ठेवून बसल्या होत्या. कोणाची हनुवटी हलली नाही. तिसऱ्या फेरीत नेलिदासुद्धा नाचून आली. नेलिदा, जी फरशी पुसल्यासारखी नाचते.

"इस्त्री चालली आहे वाटतं?" नेलिदा म्हणाली. ज्या बाईला कोणी विचारत नाही ती इस्त्री करत बसली, असे तिथे म्हणत.

"मी गुडघ्याला विश्रांती देते आहे."

"पाच शर्ट झाले असतील एव्हाना."

दोन्या एर्मिंदा यांचे लक्ष समोरच्या कोपऱ्यावर होते. तिथे अतिलिओ बसतो. अतिलिओ हा निवृत्त घड्याळजी. गेली अकरा वर्षे पावणेआठच्या सुमाराची वॉल्ट्झची फेरी त्यांची आणि त्याची होती. त्याचे आडनाव त्यांना ठाऊक नव्हते, घर कुठे हे ठाऊक नव्हते. त्याचा डावा खांदा किंचित खाली आहे, आणि वळण घेण्याआधी तो श्वास रोखतो, एवढे ठाऊक होते. बहुतेक लग्ने याहून कमी माहितीवर चालतात.

कोपऱ्यात त्याचा निळा कोट दिसत होता. रुंद, स्थिर. दोन्या एर्मिंदा यांनी नजर लावली. सात वाजले, सव्वासात झाले. कोट हलला नाही. त्यांनी आपली नजर, जिच्यापुढे तीन मुलगे आणि एक पाळकसाहेब नमले होते, त्या कोटावर पूर्ण ताकदीने रोखली. कोटाने मानही वळवली नाही.

अकरा वर्षे, आणि हा माणूस भिंतीसारखा बसून राहतो! त्यांच्या मनात प्रथमच असा विचार आला की ग्रिसेल्दाचे बरोबर असेल. कदाचित गेल्या वर्षभर लोक केवळ दयेने नाचत असतील, आणि आज दया संपली असेल. पायांतल्या बुटांना मागच्याच महिन्यात नवे तळवे लावून घेतले होते. माळ्यावर उंदरांची छान सोय होईल.

वॉल्ट्झचे पहिले सूर लागले. भिंतीवरच्या घड्याळात आठला दहा मिनिटे कमी होती, आणि त्याच क्षणी दारात ग्रिसेल्दा उभी राहिली. बदामी रेनकोट, खांद्याला ऑफिसची मोठी बॅग. ती सासूला शोधत बायकांच्या टेबलांजवळून चालू लागली, आणि भिंतीकडची हवा लवंगेने भरून गेली.

पुरुषांच्या बाजूला पाठी ताठ झाल्या. कोणी केस सारखे केले, कोणी तोंडातली पेपरमिंटची गोळी गिळली. एक हनुवटी हलली. मग दुसरी. मग तिसरी.

ग्रिसेल्दा वाईट मुलगी नव्हे. घरच्यांनी तिला चांगल्या सवयी लावल्या होत्या. आपल्याला पाहून म्हातारी माणसे मान लववतात हे बघून तिने प्रत्येकाला हसून मान लववून उत्तर दिले. एकूण चार वेळा.

चार म्हातारे एकदम उठले आणि फरशी ओलांडू लागले.

"हे काय? हे सगळे इकडे का येतायत?" ग्रिसेल्दाने नेलिदाच्या खुर्चीचा आधार घेतला.

"तूच बोलावलंस त्यांना, मुली," नेलिदा म्हणाली. "चौघांना एकदम. मी पन्नास वर्षांत असं धाडस केलं नाही."

सर्वांत पुढे असलेला, डावा खांदा किंचित खाली असलेला गृहस्थ ग्रिसेल्दापुढे उभा राहिला.

"दोन्या एर्मिंदा, माझं काय चुकलं ते आधी सांगा. तीन वेळा मी मान हलवली. तीनही वेळा तुम्ही नाही म्हणालात."

"मी ग्रिसेल्दा," ग्रिसेल्दा म्हणाली.

अतिलिओने वाकून जवळून पाहिले. नाक हो म्हणत होते, डोळे नाही म्हणत होते, आणि तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडला होता.

"अतिलिओ," खांबापलीकडून आवाज आला. "मी इथे आहे. कुठे मान हलवलीत तुम्ही?"

"तुमच्या जागेकडे. आज तुम्ही हिरवा पिसापिसांचा पोशाख घालून आलात ना?" त्याने कुंडीकडे बोट केले. "मी प्रत्येक वेळी विचारलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघून अशी, अशी मान हलवलीत."

भिंतीवरचा फिरता विजेचा पंखा गरकन त्या बाजूला वळला, आणि नेच्याने सगळ्यांदेखत पुन्हा एकदा ठाम नकार दिला.

नेलिदाने हातपंख्याने तोंड झाकले. दोन्या एर्मिंदा यांनी झाकले नाही.

"आणि तासभर मी तुमच्याकडे बघते आहे, त्याचं काय? त्या कोपऱ्यात, निळ्या कोटात बसून राहिलात ते?"

ग्रिसेल्दाने कोपऱ्याकडे बघितले. तिला लांबचे चांगले दिसत होते, तरुणपणाचा तेवढाच एक फायदा. "तो स्पीकर आहे," ती हळूच म्हणाली. "त्याच्यावर कोणीतरी कोट टांगलाय."

"माझाच," अतिलिओ म्हणाला. "उकडत होतं."

दोन्या एर्मिंदा यांनी सुनेकडे हात पुढे केला. "बॅग."

बॅगेत, रुमालात गुंडाळलेली, लाल झाकणाची चपटी बाटली होती. झाकण सैल झाले होते. किल्ल्या, कागद, अर्धवट खाल्लेले बिस्कीट, सगळेच अर्धशतक जुन्या थाटात दरवळत होते.

"फेकणार नव्हते मी," ग्रिसेल्दाचे कान लाल झाले. "नुसती लपवणार होते. तुम्ही पुन्हा तेच लावाल म्हणून."

"लपवायची तर घट्ट लावून लपवावी. एक काम नीट करत नाहीस." त्यांनी रुमाल घेतला, उरलेला ओलावा कानांमागे आणि मनगटांवर टिपला आणि रुमाल गळ्याशी खोचला. मग समोर उभ्या चौघांकडे पाहिले. "तुम्ही सगळे आपापल्या जागेवर जा. अतिलिओ, तुम्हीसुद्धा."

"पण वॉल्ट्झ सुरू झाला, दोन्या!"

"तीन गाणी उरली आहेत. तुम्ही बसल्या जागेवरून विचाराल, मी बसल्या जागेवरून सांगेन. नियम म्हणजे नियम. बाजार नाही हा."

चौघे निमूट परत गेले. दोन्या एर्मिंदा ताठ बसल्या आणि समोर नजर लावली. समोर अठरा पावलांवर धुके होते, आणि धुक्यात काही फिकट डाग होते. त्यांपैकी एक अतिलिओ असावा. त्याची हनुवटी हलली की नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले नाही. आणि खरे सांगायचे तर गेल्या सहा वर्षांत कधीच कळले नव्हते. ठरलेल्या सुरावर पापण्या लववायच्या आणि कोणीतरी येऊन उभे राहायचे, एवढेच.

शेजारच्या खुर्चीवर बसलेली ग्रिसेल्दा पुढे झुकली. ओठ न हलवता, शाळेत उत्तर सांगावे तशी ती कुजबुजली, "हलवली."

दोन्या एर्मिंदा यांनी पापण्या लववल्या.

"उठला. येतोय. कुंडीकडे नाही, इकडेच येतोय."

"आठ वाजले का गं?" त्यांनी तसेच समोर बघत विचारले.

ग्रिसेल्दाने घड्याळाकडे बघितले. आठला सहा मिनिटे कमी होती. "अजून नाही," ती म्हणाली. "आणि माळ्यावर तसंही जागा नाही."

अतिलिओ समोर उभा राहिला, तेव्हा कुठे दोन्या एर्मिंदा उठल्या. पहिले वळण घेण्याआधी त्याने श्वास रोखला, सोडला आणि गालाला गाल लावून म्हणाला, "संध्याकाळभर तुमचा वास नाही. मला वाटलं, तुम्ही गेलात."

"गेले असते तर कळवलं असतं."

दुसऱ्या गाण्यात, फरशीच्या मध्यावर, समोरून लवंगेचा दाट वास आला आणि बाजूने निघून गेला. दोन्या एर्मिंदा यांनी रुमाल चाचपला. तो गळ्याशीच होता. त्यांनी डोळे बारीक केले. धुक्यातून एक बदामी रंगाचा डाग कोणाच्या तरी हातात फिरत होता, चुकीच्या पायावर, आणि हसत होता.

"मान वर ठेव," त्यांनी डागाला मोठ्याने बजावले. "आणि जोडीदाराच्या पायाकडे बघू नकोस. आधीच त्याला दिसत नाही."